चंद्र उगवायच्या आधी डोंगरावर उजेडाचा उभा खांब: नाशकात आणखी कुणी पाहिलाय का?

धरणकाठ (धागाकर्ता)

परवाच्या संकष्टीला आम्ही सगळे गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला, गंगावऱ्हेकडे एका नातेवाइकांच्या मळ्यात होतो. आईचा उपास, त्यामुळे नैवेद्याचं ताट तयार आणि सगळ्यांची तोंडं पूर्वेला. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ झाली तरी चंद्राचा पत्ता नव्हता. समोर चामर लेणीचा डोंगर, त्याच्या डावीकडे रामशेज किल्ला, आणि चंद्र यायचा तो या दोघांच्या मधून.

तर चंद्र यायच्या आधी त्या डोंगररांगेच्या कडेवरून एक उभा, फिकट तांबूस पट्टा आकाशात गेलेला दिसला. रुंदीला चंद्राएवढाच. उंची म्हणाल तर हात लांब केल्यावर चार बोटं. मग त्याच्या बरोब्बर बुडाशी चंद्र आला, तोही तांब्याच्या रंगाचा. चंद्र वर आल्यावरही पट्टा थोडा वेळ त्याच्या डोक्यावर होता, नंतर विरला.

आई म्हणते शुभ आहे. मेहुणे म्हणतात एखाद्या लग्नाच्या लॉन्सचा लाइट. मला दोन्ही पटत नाही. हा प्रकार काय असतो? मोबाइलवर काढलेले फोटो आहेत, पण त्यात डोंगर म्हणजे काळं आणि पट्टा म्हणजे करडं, एवढंच कळतं.

अर्धी_भाकर

दिवसभर उपास करून रात्री साडेआठला आकाशाकडे बघितलं की खांबच काय, उकडीचे मोदकही दिसतात.

शंकासूर

मेहुण्यांशी सहमत. मी गंगापूर रोडलाच राहतो. लग्नसराईत रोज रात्री आकाशात ते झोताचे दिवे फिरत असतात. हवेत धूळ आणि धूर असला की झोत मैलभरावरूनही दिसतो. चंद्र नेमका त्याच्या बुडाशी आला हा योगायोग. आणि खरं सांगायचं तर घटना घडून गेल्यावर आपण सगळं ‘बरोब्बर’ जुळवून आठवतो.

खगोलखुळा

धरणकाठ, वर्णनावरून हा चंद्रस्तंभ वाटतो. सूर्याचा होतो तसाच चंद्राचाही होतो, फक्त चंद्राचा उजेड कमी म्हणून शहरातून सहसा दिसत नाही.

उंचावरच्या पातळ ढगांत बर्फाचे षट्कोनी, चपटे स्फटिक असतात. वारा शांत असेल तर ते झाडाच्या पानासारखे आडवे राहून हेलकावत खाली येतात. चंद्र क्षितिजाजवळ असला की त्याचा प्रकाश या स्फटिकांच्या जवळपास आडव्या पृष्ठभागांवरून परावर्तित होऊन आपल्याकडे येतो. प्रत्येक स्फटिक थोडा वेगवेगळ्या कोनात कललेला असतो, त्यामुळे चंद्राचं एक प्रतिबिंब न दिसता वरखाली ताणलेला पट्टा दिसतो. म्हणूनच रुंदी चंद्राएवढी आणि रंगही चंद्राचाच. चंद्र क्षितिजाखाली असला तरी वरच्या ढगापर्यंत त्याचा प्रकाश पोचलेला असतो, त्यामुळे खांब आधी आणि चंद्र मागून, हेही बसतं.

दुसरी शक्यता किरणांची. क्षितिजापलीकडे ढगांचे ढीग असतील तर त्यांच्या फटींतून चंद्रकिरण येतात. पण ते पंख्यासारखे पसरतात, सहसा एकच किरण सरळ उभा नसतो. तिसरी म्हणजे राशिचक्र प्रकाश, म्हणजे ग्रहांमधल्या धुळीवरून येणारा सूर्याचा अंधुक उजेड, तर तो संध्याकाळी पूर्वेला दिसत नाही. तो या अक्षांशावर फेब्रुवारी-मार्चमध्ये तिन्हीसांजेनंतर पश्चिमेला किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरात पहाटे पूर्वेला बघायचा. त्यामुळे तो बाद.

शंकासूर

बर्फाचे स्फटिक? नाशकात? इथे बर्फ फक्त रसवंतीत मिळतो.

खगोलखुळा

@शंकासूर, जमिनीवर नको आहे हो. थंडीच्या दिवसांत आपल्या डोक्यावर चार-पाच किलोमीटर गेलात की तापमान शून्याला आलेलं असतं. पिसांसारखे जे पांढरे पातळ ढग दिसतात ते आठ-दहा किलोमीटर किंवा त्याहूनही वर असतात आणि सगळे बर्फाचेच असतात. मे महिन्यातल्या ढगांतही वर बर्फ असतो.

टोरांटोचा_त्र्यंबककर

आमच्याकडे हा प्रकार जमिनीलगत होतो. जानेवारीत पारा उणे वीसच्या आसपास गेला आणि हवा स्थिर असली की हवेतच स्फटिक तरंगायला लागतात, मग रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्यावर एकेक खांब उभा राहतो. पार्किंगचे पांढरे, सिग्नलचे लाल-हिरवे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी घरी फोन करून सांगितलं होतं की इकडे काहीतरी भयंकर चाललंय. आईने विचारलं, स्वेटर घातलायस ना.

पण शंकासुरांना एक गोष्ट मान्य करायला हवी. अशी थंडी नाशकात पडत नाही, म्हणजे लॉन्सच्या साध्या दिव्यावर असा स्तंभ तयार होणार नाही. झोताचा दिवा ही वेगळी गोष्ट.

निफाडचा_बागाईतदार

धागा वाचून राहावलं नाही. मंडळी, चंद्र तांब्याच्या रंगाचा दिसण्याचं एक कारण आमच्याकडे आहे. पारा खाली आला की द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, नाहीतर मणी तडकतात. तो धूर आणि धूळ थंडीत वर जात नाही, जमिनीलगत चादर धरून बसते. पूर्वेला उगवणारा चंद्र नाशिककरांना आमच्याच धुरातून बघावा लागतो.

दुसरं म्हणजे त्याच संकष्टीला रात्री पावणेअकराला मी बागेत होतो. शेतीची लाइट रात्रपाळीला, मोटर चालू करायला गेलतो. वर बघतो तर चंद्राला खळं. मोठं, पूर्ण गोल. आमचे आजे म्हणायचे, खळं लांब तर पाऊस जवळ, खळं जवळ तर पाऊस लांब. माणिक चमन द्राक्षाच्या मण्यांत साखर भरत असताना पाऊस नको, म्हणून जीव धास्तावला. आला नाही, देवाची कृपा.

खगोलखुळा

बागाईतदार काका, एक विचारू का? चंद्रापासून खळ्यापर्यंत अंतर किती होतं? हात सरळ लांब करून वीत धरली तर?

निफाडचा_बागाईतदार

आता वीत धरून नव्हतं मोजलं, पण माझी वीत बसली असती. आतली कड जरा तांबूस होती आणि आतलं आकाश बाहेरच्यापेक्षा काळं. आणि डाव्या-उजव्या अंगाला, चंद्राच्याच उंचीवर, खळं जाड झाल्यासारखं उजळ होतं.

खगोलखुळा

काका, तुम्ही प्रकरण अर्धं सोडवलंत!

हात लांब केल्यावर वीत म्हणजे साधारण २०-२२ अंश. बर्फाच्या षट्कोनी स्फटिकातून प्रकाश आरपार जाताना किमान २२ अंशांनी वळतो, म्हणून हे खळं कायम त्याच मापाचं असतं. लाल रंग कमी वळतो म्हणून तो आतल्या बाजूला. आतलं आकाश काळं, कारण २२ अंशांच्या आत तो वळलेला प्रकाश येऊच शकत नाही. थोडक्यात, त्या रात्री नाशिक जिल्ह्याच्या आकाशात बर्फाचे ढग होते, यात वाद नको.

आणि डावी-उजवीकडचे उजळ ठिपके म्हणजे प्रतिचंद्र. ते फक्त आडव्या तरंगणाऱ्या चपट्या स्फटिकांमुळे होतात. खांब उभा करायला लागतात तेच हे स्फटिक.

चंद्राला चिकटून जे लहान, पांढुरकं, तपकिरी कडेचं वलय दिसतं ते वेगळं. ते पाण्याच्या बारीक थेंबांमुळे होतं, थेंब जितका बारीक तितकं मोठं. आजोबांच्या म्हणीत ही दोन्ही खळी आहेत.

मुक्काम_पंचवटी

ही निरीक्षणं जुनी आहेत. वराहमिहिराने बृहत्संहितेत परिवेषावर, म्हणजे खळ्यावर, वेगळा अध्यायच दिला आहे. पातळ ढगात सूर्यचंद्राचे किरण वाऱ्याने गोलाकार होतात असं तो म्हणतो. वाऱ्याचं काही खरं नाही, पण पातळ ढग मात्र त्याने बरोब्बर हेरला होता.

अर्धी_भाकर

आता कुणीतरी ‘आपल्या पूर्वजांना सगळं आधीच ठाऊक होतं’ म्हणणार आणि धागा दोनशेला जाणार. मी चहा टाकतो.

मुक्काम_पंचवटी

त्याच अध्यायात खळ्याच्या रंगावरून राजाचं काय होणार तेही दिलंय. ते मी मुद्दाम सांगितलं नव्हतं. घ्या चहा.

सिडकोची_सुनबाई

विषयाशी संबंधित आहे म्हणून विचारते. कॅलेंडरातल्या वेळेला चंद्र कधीच का दिसत नाही? सासूबाई गच्चीवर उभ्या, मी जिन्यात, मुलगा मोबाइलवर, आणि समोर दहा मजली इमारत. पाऊण तास झाला तरी चंद्र नाही. शेवटी दिशेकडे बघून अर्घ्य देतो. मुंबईची वेळ वापरतोय म्हणून असं होतं का?

खगोलखुळा

ताई, मुंबईची वेळ वापरलीत तर नाशकात चंद्र उलट तीन-चार मिनिटं आधी यायला हवा, कारण आपण मुंबईच्या पूर्वेला आहोत. घोळ क्षितिजाचा आहे. छापलेली वेळ सपाट, मोकळ्या क्षितिजाची असते. आपल्या अक्षांशावर चंद्राला एक अंश वर चढायला साधारण साडेचार मिनिटं लागतात. समोरचा डोंगर एक अंशाचा असेल तर पाच मिनिटं गेली, आणि इमारतीने दहा अंश अडवले असतील तर तुमचा पाऊण तास तिथेच गेला.

शिवाय चतुर्थीचा चंद्र उगवताना त्याचा न उजळलेला भाग वरच्या बाजूला असतो. गणितात चंद्रोदय वरच्या कडेचा धरतात, आणि नेमकी तीच कड अंधारात. आणखी काही सेकंद गेले.

गंमत म्हणजे क्षितिजावर हवा चंद्राला सुमारे ३४ कलांनी (६० कला म्हणजे एक अंश) उचलून दाखवते आणि चंद्राचा व्यास ३१ कलांच्या आसपास. म्हणजे मोकळ्या क्षितिजावर पूर्ण चंद्र नुकताच वर आलेला दिसतो तेव्हा प्रत्यक्षात तो अजून क्षितिजाखालीच असतो. खालची कड जास्त उचलली जाते म्हणून तो चेपलेला दिसतो.

सिडकोची_सुनबाई

म्हणजे खरा चंद्रोदय नंतर आणि दिसणारा आधी? हे सासूबाईंना सांगणार नाही. जेवण आणखी लांबायचं.

टोरांटोचा_त्र्यंबककर

आणि उगवताना तो एवढा मोठा दिसतो तो पण हवेमुळेच ना?

खगोलखुळा

नाही, तो आपल्या मेंदूचा खेळ. हवेमुळे उलट उभा व्यास कमी होतो. पटत नसेल तर वाटाण्याचा दाणा चिमटीत धरून हात लांब करा. क्षितिजावरचा आणि मध्यरात्री डोक्यावरचा, दोन्ही चंद्र त्या दाण्यामागे झाकले जातात.

मुक्काम_पंचवटी

चंद्रोदयाचा विषय निघालाच आहे तर ८ नोव्हेंबर २०२२ ची कार्तिक पौर्णिमा कुणाला आठवते? ग्रस्तोदित ग्रहण होतं. चंद्र उगवला तोच ग्रासलेला, आणि ६ वाजून १९ मिनिटांनी मोक्ष. आम्ही रामकुंडावर होतो, तिथून पूर्वेचं क्षितिज दिसतच नाही. लोक पाण्यात उभे राहून ग्रहण सुटायची वाट बघत होते आणि चंद्र इमारतींच्या वर आला तोवर सुटून गेलेलं. जे पांडवलेणीवर चढले होते त्यांना दिसलं म्हणे.

पांडवलेणीवरून पौर्णिमेची संध्याकाळ एकदा बघाच. सूर्य मागे त्र्यंबकच्या डोंगरांकडे बुडतो आणि समोर पूर्वेला करड्या-निळ्या रंगाचा पट्टा वर यायला लागतो, त्याच्यावर गुलाबी पट्टा. तो करडा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. त्यातून चंद्र वर येतो. अनेकांना वाटतं तो धूर आहे.

अर्धी_भाकर

सातपूर-अंबड एमआयडीसी शेजारी असताना तसं वाटणं साहजिक आहे.

गोदेचा_गोट्या

चंद्राचं इंद्रधनुष्य पण असतं ना? पावसाळ्यात सोमेश्वरच्या धबधब्याजवळ रात्री पांढरी कमान पाहिल्याचं मित्र शपथेवर सांगतो. खरं की थाप?

खगोलखुळा

शक्य आहे. चंद्र पाठीमागे आणि ४२ अंशांपेक्षा खाली हवा, समोर तुषार. व्हिक्टोरिया धबधब्यावर पौर्णिमेच्या सुमारास ते बघायला मुद्दाम लोक जातात. रंग असतात, पण इतक्या कमी उजेडात आपल्या डोळ्यांना रंग कळत नाहीत म्हणून पांढरं दिसतं. कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवला तर रंग येतात. फक्त सोमेश्वरला पावसाळ्यात चंद्र ढगाबाहेर असणं आणि आजूबाजूचे दिवे नसणं, हे दोन्ही एकदम जुळायला हवं. आणि गोदेला पाणी सोडलेलं असताना रात्री त्या खडकांवर जाऊ नका, ही विनंती.

शंकासूर

भटकंती झाली असेल तर मूळ मुद्द्याकडे येतो. माझे तीन आक्षेप. एक, चतुर्थीचा चंद्र पौर्णिमेपेक्षा मंद. दोन, खळं पावणेअकराला निफाडला दिसलं, खांब साडेआठला गंगावऱ्ह्याला. जागा वेगळी, वेळ वेगळी. तीन, मोबाइलच्या भिंगावर बोट फिरलेलं असेल तर कुठल्याही दिव्यावर असाच पट्टा येतो. चष्म्यावर आणि डासांच्या जाळीतूनही येतो.

धरणकाठ (धागाकर्ता)

तिसऱ्याचं उत्तर सोपं आहे. पट्टा सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिला आणि तेव्हा चंद्र उगवलेलाच नव्हता, मग भिंगावर पट्टा उमटायला दिवा कुठला?

खगोलखुळा

पहिला आक्षेप निम्मा खरा. चतुर्थीला तबकडी ८५ टक्क्यांच्या आसपास उजळलेली असते, पण उजेड पौर्णिमेच्या निम्म्याहूनही कमी. तरी काळोख्या जागेवरून स्तंभ दिसायला तो पुरतो.

दुसऱ्या आक्षेपात मात्र खरी मजा आहे. धरणकाठ म्हणतात चार बोटं उंच, म्हणजे सुमारे सात अंश. ढग दहा किलोमीटर उंचीवर धरा. सात अंशांवर दिसणारा तो ढग तुमच्यापासून ऐंशी किलोमीटर लांब असतो, पाच अंशांवरचा शंभराहून जास्त. त्या रात्री चंद्र ईशान्येकडे झुकून उगवला, त्या दिशेला हे अंतर नकाशावर मोजा. खांबाचा शेंडा चांदवडच्या थोडा पुढे, मधला भाग मालेगावच्या आकाशात, आणि बूड पार खानदेशात. तुम्ही उभे धरणावर, पण ते स्फटिक नाशिकवर नव्हतेच. निफाडचं खळं त्याच ढगांच्या पसाऱ्याचं अलीकडचं टोक असू शकतं.

आता लॉन्सचा झोत की चंद्र, याची एक कसोटी आहे. आपल्या अक्षांशावर चंद्र सरळ उभा चढत नाही, उजवीकडे कलत चढतो. खांब चंद्राचा असेल तर तो चंद्राबरोबर किंचित उजवीकडे सरकेल. झोताचा दिवा एकतर जागेवर राहील किंवा गरगर फिरेल. तुमच्या पहिल्या आणि शेवटच्या फोटोत डोंगराची कड एकावर एक ठेवून बघा.

धरणकाठ (धागाकर्ता)

केलं. भाच्याने कॉम्प्युटरवर दोन्ही फोटो एकमेकांवर ठेवले. पहिल्या फोटोत पट्टा डोंगराच्या एका खाचेच्या डावीकडे आहे, शेवटच्यात खाच ओलांडून उजवीकडे. सरकलाय जेमतेम चंद्राच्या दोन रुंद्यांएवढा. शेवटच्या फोटोत त्याच्या खाली चंद्र आहे आणि पट्टा अगदी त्याच्या डोक्यावर.

खगोलखुळा

मग माझ्यापुरता प्रश्न मिटला. मालेगाव-चांदवडकडचं कुणी आहे का इथे? त्या रात्री साडेआठला वर काय होतं?

मोसमकाठचा_मुसाफिर

मालेगावहून हजर. रोज जेवण झाल्यावर गच्चीवर फेऱ्या मारतो. त्या रात्री ढग म्हणावेत असे नव्हते, पण चांदण्या पुसट होत्या, दुधात बुडवल्यासारख्या. कृत्तिकांचा पुंजका नीट मोजता येईना. मला वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. उद्या डॉक्टरकडे जाणार होतो, आता रद्द करतो.

निफाडचा_बागाईतदार

डोळे तपासून घ्याच. ढगाचं आणि डोळ्याचं दोन्ही असू शकतं.

सिडकोची_सुनबाई

@धरणकाठ, पुढच्या संकष्टीला त्या मळ्यात सासूबाईंना घेऊन येऊ का? क्षितिज मोकळं आहे, जेवण लवकर होईल.

धरणकाठ (धागाकर्ता)

या की. फक्त डोंगराची पाच मिनिटं धरून चला. आणि रात्री बंधाऱ्याकडचा रस्ता खराब आहे, दुचाकी नको.

शंकासूर

मालेगावलाही लॉन्स आहेत. इतकंच म्हणतो.